श्वास आणि धुरळा

१९५२ साली सोव्हिएत डॉक्टर कॉन्स्टंटिन बुटेयको यांनी असे मांडले की, दमेकरी गरजेहून जास्त श्वास घेतो. तो त्याने नाकाने, सावकाश व थोडा घ्यावा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३९ रोग्यांवर हा प्रयोग झाला. १९९८ साली निष्कर्ष छापून आले. दम मोकळा करणाऱ्या फवाऱ्याची गरज पुष्कळ घटली, फुप्फुसांची ताकद मात्र होती तेवढीच राहिली. वर्तमानपत्रांना चमत्कार हवा असतो. हा चमत्कार नव्हे, आराम होय. रेडिओवरील गवयाची लांब तान ऐकून श्वास आवरायला आम्हीही शिकलो. पण तानेने कार्डिंग खात्यातला कापसाचा धुरळा काही बसला नाही. म्हणून श्वास कामगाराने आवरावा, धुरळा मालकाने. आणि औषध कोणीही सोडू नये.