जयपूरच्या वेधशाळेतील पाद्री

जयपुरास बदलून आलेल्या मराठी माणसाने चर्चची चौकशी केली, तर लोक त्यास परकोटाबाहेरचे ऑल सेंट्स चर्च दाखवितात. ते एकोणिसाव्या शतकातले. पण ख्रिस्ती धर्मोपदेशकांचा या नगराशी आलेला संबंध त्याहून शंभरावर वर्षे जुना आहे, आणि त्याचा माग काढावयाचा तर पावले जंतरमंतरकडे वळवावी लागतात.

सवाई जयसिंहाने १७२७ साली हे नगर वसविले. त्याच सुमारास त्याने आग्र्याच्या जेझुइट संस्थेचे प्रमुख फादर फिगेरेदो यांना गोव्यामार्गे पोर्तुगालला धाडले. हेतू धर्माचा नव्हता. त्याला युरोपातील ज्योतिर्गणिताचे ग्रंथ आणि जाणकार हवे होते. ही मंडळी १७२९ च्या जानेवारीत लिस्बनला पोचली व १७३० मध्ये गोव्यास परतली. त्यांनी आणलेली ला हीरची कोष्टके जयसिंहाने स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिली, तो चंद्राचे स्थान अर्ध्या अंशाने चुकलेले! 'झीज-इ-मुहम्मदशाही'च्या प्रस्तावनेत त्याने हे स्पष्ट नोंदविले आहे. यजमानाने पाहुण्याच्या पोथीतील चूक दाखवावी, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत रम्य स्थळ वाटते. याच दरबारात जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित यूक्लिड व टॉलेमी अरबीतून संस्कृतात उतरवीत होते, हेही आपण विसरू नये.

पुढे १७३४ साली चंद्रनगरहून बूदिए आणि पाँस हे फ्रेंच पाद्री वाटेतील स्थळांचे वेध घेत येथे आले; १७४० मध्ये दोघे बव्हेरियन आले. त्यांपैकी गाबेल्सपेर्गर दुसऱ्याच वर्षी वारले.

एवढे विद्वान येऊनही कोपर्निकसाचे मत जयपुरात रुजले नाही. रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतील सूर्यकेंद्री ग्रंथांवरची सरसकट बंदी उठली ती १७५८ साली. तरी सारा दोष पाद्र्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. जयसिंहाला मुख्यतः ग्रहणाची अचूक वेळ हवी होती. त्यासाठी त्याने सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राटयंत्र दगडचुन्यात उभारले आणि त्याची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाशी समांतर ठेवली. विश्वाच्या मध्यभागी कोण, हा प्रश्न त्याच्या कामाला आडवा येत नव्हता.

१७४३ मध्ये जयसिंह निवर्तला. गादीच्या भांडणात मराठी फौजा उतरल्या, आणि १७५० च्या अखेरीस होळकर जयपूरवर चालून येत असता ईश्वरीसिंहाने विष घेतले.