फुरशांचा हिशेब

जे जनावर नाहीसे करावयाचे असे सरकार मनात आणते, त्याची ओळख करून घेण्यापेक्षा त्याची मुंडकी मोजणे त्यास अधिक सोयीचे वाटते. कारण ओळखीस वेळ लागतो, मोजणीस एक कारकून पुरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे या विषारी सापाच्या संहारासाठी जी इनामे दिली गेली, त्यांचा इतिहास या गोष्टीची उत्तम साक्ष देतो. १८६२ सालच्या डिसेंबर महिन्यात, इनाम चालू असता, अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारली गेली. म्हणजे दिवसास चौदा हजारांहून अधिक कलेवरे सरकारदप्तरी रुजू झाली. सहा वर्षांच्या एका कालखंडाची वार्षिक सरासरी २,२५,७२१ इतकी भरली, आणि तिचा एकूण आकडा साडेतेरा लक्षांच्या घरात जातो. एवढा खर्च आणि एवढी खटपट होऊनही फुरसे कोकणातून गेले नाही. आजही देवगडच्या सड्यावर दगड उलथणारा माणूस आधी काठीने चाचपतो आणि मगच हात घालतो.

हे असे का झाले, याचे उत्तर त्या जनावरात आणि त्या भूमीत आहे. फुरसे हातभरही लांब नसते. रंग मातकट तपकिरी, दोन्ही कुशींवर फिकट नागमोडी रेघ, आणि डोक्यावर बाणाच्या फाळासारखी पांढरट खूण. कुशीवरचे खवले तिरपे बसलेले असून प्रत्येकाच्या कण्यावर करवतीसारखे बारीक दाते असतात. डिवचले असता फुरसे पळून न जाता वेटोळ्यावर वेटोळे चढवून एकमेकांवर घासू लागते, आणि तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा चरचराट उठतो. तोंड न उघडता दिलेला हा इशारा असतो, आणि तो न मानणाऱ्यावर ते विलक्षण चपळाईने झेप घेते. जांभ्या दगडाचे उघडे सडे, त्यांवर पावसाळ्यात माजणारे गवत, आणि गवताआड विखुरलेले सपाट धोंडे हे त्याचे घर. विंचू, गोम, पाल, बेडूक, उंदराचे पिलू यांपैकी काहीही त्यास चालते. आणि आपल्याकडची मादी अंडी न घालता एका वेळी सहा-आठ जिवंत पिले सहज देते. ज्या भूमीत आसरा अमाप आणि भक्ष्य बारमाही, तेथे मारलेल्यांची जागा भरून निघण्यास वेळ लागत नाही, हा साधा विचार इनामाच्या हुकुमात कोठेच नव्हता.

तसे पाहिले तर सर्पांची शास्त्रीय ओळख करून घेण्याचा उद्योग या देशात त्यापूर्वीच सुरू झाला होता. कंपनी सरकारच्या चाकरीत असलेला पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश वैद्य विशाखापट्टणमकडील किनाऱ्यावर सर्प जमवीत असे, तेथील लोकांकडून त्यांची तेलुगू नावे विचारून घेत असे, आणि कोंबड्या व कुत्री यांस दंश करवून विषाचा परिणाम टिपून ठेवीत असे. त्याचा सचित्र ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध झाला. घोणशीच्या शास्त्रीय नावात आजही रसेलचे नाव आहे, आणि १८०१ साली श्नायडर या जर्मन पंडिताने फुरशास जे शास्त्रीय नाव दिले, त्यास आधारही रसेलच्याच संग्रहाचा होता. पुढे १८७२ साली जोसेफ फेररने भारतातील विषारी सर्पांवर भव्य ग्रंथ काढला, आणि सर्पदंशाने वर्षाकाठी हजारो माणसे दगावतात ही गोष्ट सरकारच्या नजरेस आणून दिली. परंतु फेररचा ग्रंथ मोठ्या शहरांतील ग्रंथालयांत राहिला, आणि तालुक्याच्या कचेरीत पोहोचला तो फक्त इनामाचा तक्ता.

या दोहोंमधील दरी पहिल्याप्रथम ज्याने उघडपणे दाखविली तो जी. डब्ल्यू. विडाल नावाचा सनदी अधिकारी होय. १८८३ साली मुंबईत जी निसर्ग इतिहास संस्था स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते, हे आपल्याकडे पुष्कळांच्या स्मरणात नसते. या संस्थेच्या नियतकालिकात १८९० साली विडालने उत्तर कानड्यातील विषारी सर्पांची यादी दिली, आणि त्याच लेखात मुंबई इलाख्यातील सर्पदंशाच्या आकडेवारीची अपूर्णताही चव्हाट्यावर मांडली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की मृत्यूचे खापर लोक आणि अंमलदार बहुधा नागावर फोडतात. परंतु इलाख्यात फुरशांचा जेथे सुळसुळाट आहे तेथेच मृत्यूंचे प्रमाणही चढे दिसते, आणि म्हणून बळींची संख्या फुगविणारा मुख्य अपराधी हे क्षुद्र दिसणारे फुरसेच असले पाहिजे. नागाच्या दंशाने माणूस काही तासांत श्वास कोंडून जातो, तेव्हा कारण सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. फुरशाचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच हिरावून घेते. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त झिरपत राहते, आणि रोगी कित्येकदा अनेक दिवसांनी दगावतो. तोपर्यंत साप कोणता होता हे विचारण्याची गरज कोणास भासणार?

ओळखीची ही विद्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय लष्करी वैद्यकसेवेतील फ्रँक वॉल यास द्यावे लागते. विषारी सर्प कसे ओळखावेत हे सांगणारे त्याचे पुस्तक १९०७ साली मुंबईच्या त्याच संस्थेने काढले. रंगावर भरवसा ठेवू नये, कारण एकाच जातीचे रंग प्रदेशागणिक पालटतात; खवले पाहावेत, हा त्याचा मूळ आग्रह. पोटाखालच्या पट्ट्या रुंद असून पार कडेपर्यंत पोहोचतात काय, हे आधी पाहावे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा दिसला तर ते जनावर चापड्याच्या वर्गातले. खळगा नाही, आणि डोक्यावर मोठ्या ढालींऐवजी बारीक खवले आहेत, तर ते घोणस किंवा फुरसे. मेलेला साप हाती घेऊन कोणीही लष्करी डॉक्टर किंवा मामलेदार पाच मिनिटांत निर्णय करू शकेल अशी ही रीत होती, आणि इनामाच्या मोजणीस जे साधले नव्हते ते एका छोट्या पुस्तकाने साधले.

घोणस-फुरशांचे हे कुल जगभर पसरलेले असून त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज मानल्या जातात. मिटता येणारे लांब पोकळ दात हे साऱ्यांचे समान लक्षण. बाकी प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या प्रदेशाचा ठसा आहे. सहाराच्या वाळूत डोळ्यांवर शिंगे असलेला सर्प अंग पुरून बसतो. मध्य आफ्रिकेच्या अरण्यात गॅबून घोणस पाचोळ्याच्या नक्षीत विरून जाते, आणि तिचे दात दोन इंचांपर्यंत भरतात. युरोपातील अॅडर उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे थंडी काढतो. हिमालयातील चापडा सोळा हजार फुटांच्या उंचीवर सापडलेला आहे. अमेरिकेत शेपटीचा खुळखुळा वाजविणाऱ्यांचे राज्य आहे. आणि आपल्या सह्याद्रीत हिरवा चापडा बांबूच्या बेटात पानासारखा लटकतो. ऑस्ट्रेलिया आणि मादागास्कर यांच्या वाट्यास मात्र हे कुल मुळीच आले नाही. ज्यास जागा ठाऊक आहे त्याचे निम्मे निदान जनावर पाहण्यापूर्वीच झालेले असते.

जात आणि जागा ओळखण्याची ही गोष्ट केवळ पंडितांच्या कुतूहलाची नव्हती, हे लसीच्या इतिहासाने सिद्ध केले. फ्रेंच शास्त्रज्ञ काल्मेत याने १८९० नंतरच्या काही वर्षांत नागविषावरचा रक्तरस तयार केला, आणि तो सर्वच सर्पविषांवर चालेल असा त्याचा दावा होता. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हाफकिनने १८९९ साली जी प्लेग प्रयोगशाळा थाटली, तेथे जॉर्ज लॅम याने घोणशीच्या विषावर प्रयोग करून हा दावा खोडून काढला: नागाचा रस घोणशीस चालत नाही, ज्याचे विष त्याचाच उतारा. कसौलीस पुढे जो रक्तरस होऊ लागला तो नाग आणि घोणस या दोहोंपुरता होता. कोकणातल्या फुरशाचा विषय तेव्हाही मागे राहिला. पुढे याच प्रयोगशाळेची जी हाफकिन संस्था झाली, तिने नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर चालणारी लस तयार केली तेव्हा कोठे रत्नागिरीच्या गवत कापणाऱ्या माणसास आधार मिळाला. त्या लसीसाठी लागणारी फुरशी कोकणातून जिवंत पकडून नेली जाऊ लागली, आणि ज्या जनावराच्या कलेवरास पूर्वी मोल होते त्याचे मोल आता त्याच्या जिवंतपणास आले.

तरीही धडा पुरता गिरविला गेला असे म्हणवत नाही. भारतात फुरशाच्या विषापासून केलेली लस अलीकडच्या काळात घाना व चाड या देशांत वापरली गेली. तेथील फुरसे दिसण्यात भाऊबंद असले तरी जात निराळी, विष निराळे, आणि त्यामुळे लस कुचकामी ठरून माणसे दगावली. विडालने शंभरावर वर्षांपूर्वी केलेली तक्रार आणि आफ्रिकेतील हा प्रकार यांच्या मुळाशी एकच दोष आहे: गणतीस आपण ज्ञान समजतो. इनामाच्या तक्त्यात साडेतेरा लक्ष फुरशांची नोंद झाली, पण त्यांच्या दंशाने किती माणसे मेली हे त्या तक्त्याने कधी सांगितले नाही. आणि रोग्यास उतारा मिळाला तो साप मारणाऱ्यांच्या संख्येमुळे नव्हे, तर फुरशाचे खवले, त्याचा सडा आणि त्याचे विष निरखून पाहण्याइतका वेळ काही थोड्या माणसांनी काढला म्हणून.