रंगाखालचा पत्रा

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील कुळगी हे गाव आज वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे ओळखले जाते. काळी नदीच्या खोऱ्यातील हे अरण्य पाहावयास बेळगाव, हुबळी, गोवे आणि पुण्या-मुंबईकडील मंडळी आपापल्या मोटारी घेऊन येतात. अरण्यातला रस्ता अरुंद, वळणे आंधळी आणि दोहो बाजूंस झाडीची दाटी. अशा रस्त्यावर समोरून अकस्मात दुसरी गाडी यावी, दोघांही चालकांनी ब्रेक दाबावा आणि तरीही मडगार्डला मडगार्ड घासावे, यात नवल ते काय? कोणास इजा होत नाही. एका दाराला पोचा येतो, रंग खरवडला जातो, बंपरची कड निखळते, एवढेच. अपघात लहानच, परंतु त्यानंतर मालकापुढे उभा राहणारा प्रश्न तितका लहान नसतो. हे काम चांगले कोण करून देईल? आणि ते चांगले झाले आहे, हे ओळखावयाचे तरी कसे?

या साध्या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. या काळात मोटारीचा सांगाडा बदलला, पत्रा बदलला, रंग बदलला. आणि प्रत्येक बदलाबरोबर दुरुस्ती करणारा कारागीरही बदलत गेला. हा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. रंगाचे वरचे रूप जसजसे अधिक गुळगुळीत होत गेले, तसतसे त्या रंगाखाली काय दडले आहे हे मालकाला कळणे अधिक अवघड होत गेले.

कुळगीचा मुलूख १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे १८९८ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी दिसू लागल्या, तेव्हा हा भाग मुंबई इलाख्यातच होता. त्या काळची मोटार म्हणजे इंजिन बसविलेली घोडागाडीच होय. तिचा सांगाडा लाकडाचा असे आणि त्यावर लाकडी फळ्या किंवा पातळ पत्रा ठोकलेला असे. विलायतेत या कामाला अ‍ॅश वृक्षाचे चिवट लाकूड वापरीत. आपल्याकडे साग होताच, आणि काळीच्या खोऱ्यातील अरण्यही सागासाठी प्रसिद्ध होते. अशी गाडी कोठे धडकली, तर तिचा वैद्य सुतार असे. मोडलेली दांडी काढून तो नवी बसवी, सांधा जुळवी, आणि मग गाडी रंगाऱ्याच्या हाती देई.

हा रंगारी मोठ्या चिकाटीचा मनुष्य असला पाहिजे. तेलाच्या रंगाचा एक हात द्यावयाचा, तो वाळेपर्यंत थांबावयाचे, प्युमिस दगडाच्या भुकटीने तो घासावयाचा, पुन्हा दुसरा हात द्यावयाचा आणि शेवटी रोगण चढवावयाचे. असे थरावर थर चढविता चढविता कित्येक आठवडे जात. हे रोगण उन्हाने पिवळे पडे आणि तडकत असे. परंतु या संथपणाचा एक गुण होता. मालक कारखान्यात आठ दिवसांनी डोकावला, तर काम कोठवर आले आहे आणि आत काय चालले आहे, ते त्याला सहज दिसत असे.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे हे चित्र पालटू लागले. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एडवर्ड बड याने १९१२ साली कारखाना काढला आणि पोलादी पत्रा यंत्राखाली दाबून मोटारीची संपूर्ण अंगे घडविण्याची पद्धत रूढ केली. लाकडाची जागा पोलाद घेऊ लागले. पाठोपाठ रंगातही क्रांती झाली. ड्यू पाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून लवकर वाळणारा रंग तयार केला; 'ड्युको' नावाचा हा रंग १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर प्रथम चढला. याच नायट्रोसेल्युलोजच्या जातीच्या पदार्थांपासून युद्धात बिनधुराची दारू होत असे. टोलेडो शहरातील डीव्हिल्बिस यांची फवाऱ्याची बंदूक १९०७ पासून उपलब्ध होतीच. तिच्या जोडीने आठवड्यांचे काम तासांवर आले.

परंतु या रंगालाही एक खोड होती. हवेत दमटपणा असला, की वाळताना त्यावर पांढुरकी साय धरे. सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात, जेथे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात, तेथे हा रंग मारणाऱ्याला आभाळाकडे पाहूनच काम हाती घ्यावे लागे. पावसाळा आणि मोटारीचा रंग यांचे वैर येथून सुरू झाले. ते अद्याप संपलेले नाही.

भारतात १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. बंगालमध्ये उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सने १९५८ साली अँबॅसडर काढली. १९६४ साली कुर्ल्याहून फियाट ११०० डिलाइट आली आणि तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सुट्या अंगांचाही तुटवडा असे. तेव्हा दार चेपले म्हणून नवे दार बसवावे, ही कल्पना परवडण्याजोगी नव्हती. चेपलेले दारच पूर्ववत करावयाचे, हा एकमेव मार्ग होता. आणि या मार्गावरूनच आपल्याकडील डेंटर घडला.

डेंटर हा शब्द इंग्रजीतून आला असला, तरी त्याची विद्या आपल्याला परकी नव्हे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही हातोडीच्या ठोक्यांनी तांब्याची भांडी मठारतात. ठोका कोठे मारावयाचा, किती जोराचा मारावयाचा आणि कोठे थांबावयाचे, यातच त्या कलेचे सर्व रहस्य आहे. डेंटरही पत्र्याच्या एका बाजूस डॉली नावाची हाती धरावयाची छोटी ऐरण लावतो आणि दुसऱ्या बाजूने हातोडी चालवितो. धडकेने पत्रा नुसता वाकत नाही. काही ठिकाणी तो ताणलाही जातो. वाकलेला पत्रा ठोकून सरळ होतो, पण ताणलेला होत नाही. तो जागा मिळेल तिकडे फुगतो. म्हणून जाणता कारागीर त्या फुगवट्यावर गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल करी, त्यावर ठोके देई आणि ओल्या फडक्याने तो निववी. मग पत्रा आकसून जागेवर येई. काम झाले, की तो डोळ्यांवर विश्वास ठेवीत नसे. तळहात पत्र्यावरून सावकाश फिरवी. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो.

इतके करूनही जे खोलगट राही, ते शिशाने भरीत. आधी पत्रा घासून त्यावर कल्हई करावयाची आणि मग शिसे व कथील यांचा मिश्रधातू तापवून लाकडी पट्टीने त्यावर लिंपावयाचा, अशी ती रीत होती. शिसे विषारी असल्याने कारागिराच्या प्रकृतीस ते अपायकारक खरे. पण हे काम कच्च्या हाताने साधतच नसे. पत्रा पुरता साफ नसेल, तर कल्हई धरत नसे. पदार्थच लबाडीला वाव देत नसे.

हा वाव १९५५ च्या सुमारास मिळाला. अमेरिकेत त्या वर्षी पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्यासारखी भुकटी यांची पुट्टी निघाली. तिच्यात चिमूटभर दुसरे द्रव्य कालवले, की काही मिनिटांतच ती दगडासारखी होते आणि पॉलिश पेपरने सहज घासता येते. आपल्याकडील कारखान्यांत तिला लांबी म्हणतात. ही वस्तू वाईट नव्हे. पत्रा ठोकून जवळजवळ पूर्ववत झाल्यावर उरलेली बारीक खळी भरावयास तिच्यासारखे साधन नाही. परंतु पत्रा न ठोकताच बोटभर लांबी थापली आणि वर रंग मारला, तरी गाडी देताना दोन्ही कामे सारखीच चकचकीत दिसतात. एक काम दोन दिवसांचे, तर दुसरे दोन तासांचे. बिल मात्र दोहोंचे एकच होऊ शकते.

फरक कळतो तो पावसाळ्यात. लांबी ही सच्छिद्र असते. ती ओल शोषून घेते. जाड थर गाडीच्या हादऱ्यांनी आणि उन्हातान्हाने तडकतो, फटीतून पाणी शिरते, खालचा उघडा पत्रा गंजतो आणि गंज फुगला, की रंगावर फोड येतात. कोरड्या मुलखात हे उघडकीस यावयास वर्षे लागतील. जोयडा-दांडेलीच्या पावसात ते फार काळ झाकून राहत नाही.

दरम्यान, कारखान्यातून येणारी गाडीही बदलली. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी मालकाच्या हाती पडली. तिचा पत्रा हलका आणि पातळ होता. अँबॅसडरवर तयार झालेल्या हाताला तो वेगळाच लागला. १९९३ साली मोटारधंद्यावरील परवान्याचे बंधन उठले आणि नव्या नव्या गाड्या येऊ लागल्या. सुटी अंगे मिळू लागली. 'दुरुस्त करा' याऐवजी 'बदला' हा शब्द कारखान्यांतून अधिक ऐकू येऊ लागला. २०१४ साली अँबॅसडरचे उत्पादन थांबले, तेव्हा छप्पन वर्षे एकाच घाटाच्या गाडीवर पोसलेल्या एका विद्येचाही आधार गेला.

रंगाचे शास्त्रही पुढे गेले होते. कारखान्यात नव्या गाडीचा सांगाडा सुमारे १४० अंश उष्णतेत भाजून काढतात. दुरुस्तीच्या वेळी गाडीत काच, रबर, गाद्या, तारा असे सारे बसविलेले असते. तेव्हा तिला ६० अंशांच्या आसपासच तापविता येते. म्हणून दुरुस्तीचा रंग निराळा, दुसरे द्रव्य मिसळून घट्ट होणारा असावा लागतो. या द्रव्यात आयसोसायनेट जातीची रसायने असतात. त्यांचा फवारा श्वासावाटे गेल्यास दमा जडतो. फडके तोंडाला बांधून फवारा मारणारा रंगारी आपल्या फुफ्फुसांची किंमत त्या चकाकीत घालीत असतो. स्वस्त कामाचा हिशेब करताना हीही बाब ध्यानी असावी.

रंग जुळविणे ही तर स्वतंत्र कला आहे. गाडीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो. परंतु पाच वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग त्या क्रमांकाचा राहिलेला नसतो. धातूच्या चमकीच्या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. बंदूक जवळ धरली की ते एक प्रकारे पडतात, लांब धरली की दुसऱ्या प्रकारे. आणि तोच रंग फिका वा गडद दिसतो. म्हणून चांगला रंगारी नवा रंग दाराच्या कडेशी एकदम तोडीत नाही, शेजारच्या पत्र्यावर तो विरत नेतो. मालकाला वाटते, की न लागलेल्या जागी उगाच रंग मारून बिल वाढविले. वस्तुतः ते कौशल्याचे लक्षण असते.

आणखी एक बदल पैशापेक्षा मोलाचा आहे. बेला बारेनी या अभियंत्याच्या कल्पनेवरून १९५९ साली मर्सिडीजने अशी गाडी काढली, की जिची पुढची-मागची अंगे धडकेत ठरल्याप्रमाणे चुरगळावीत आणि आतली माणसे वाचावीत. आपल्याकडे नव्या घाटाच्या गाड्यांना धडकेच्या कसोट्या १ ऑक्टोबर २०१७ पासून सक्तीच्या झाल्या आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गुणांकनाची पद्धत आली. अशा गाडीतले विशिष्ट पोलाद ज्योतीने लाल केले, तर त्याचे बळ जाते. ज्या युक्तीने जुन्या डेंटरने अँबॅसडर सावरली, तीच युक्ती नव्या गाडीच्या खांबावर केली तर घातक ठरते. काही गाड्यांत बंपरमागे रडार बसविलेले असते; त्यावर लांबीचा थर चढला, तर ते आंधळे होऊ शकते.

याचे पैसे कोण देतो, त्याचाही कामावर परिणाम झाला. १९३९ च्या मोटार कायद्यातील त्रयस्थाच्या विम्याची सक्ती १९४६ पासून अमलात आली. स्वतःच्या गाडीचा विमा मात्र ऐच्छिकच राहिला. १९७३ च्या आरंभी सामान्य विमा सरकारी झाला आणि २००० पासून खाजगी कंपन्यांना पुन्हा वाट मिळाली. नेहमीच्या विम्यात प्लास्टिक व रबरी अंगांच्या किमतीतून निम्मी रक्कम कापली जाते, आणि दावा केला, की बिनदाव्याची २० ते ५० टक्क्यांची सवलत गमवावी लागते. म्हणून लहान धडकेनंतर पुष्कळ मालक दावा न करता स्वस्त कारागीर शोधतात. तो हिशेब कित्येकदा बरोबरही असतो. पण मग काम तपासणारा सर्वेक्षक नसतो. ती जबाबदारी मालकाचीच होते.

ती पार पाडणे अवघडही नाही. आठवड्यागणिक थर चढविणारा तो जुना रंगारी मालकाला जे आपोआप दाखवीत असे, तेच आज मागून पाहावयाचे. पत्रा ठोकून झाला, पण लांबी अजून भरलेली नाही, या वेळी एकदा कारखान्यात जावे आणि उघड्या पत्र्यावरून आपणही तळहात फिरवावा. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही. उलट ज्याचे खरे काम रंगाखाली कायमचे झाकले जाणार, त्याला ते कोणीतरी पाहिल्याचे समाधानच होते. कुळगीच्या वळणावर चेपलेले दार बेळगावात दुरुस्त होवो वा हुबळीत, रंगाची चकाकी त्या दिवशी सर्वांचीच सारखी असते. मृगाचा पहिला पाऊस मात्र रंग पाहत नाही. तो सरळ पत्र्यापर्यंत जातो.