ट्रॅव्हल सॉफ्टबॉल: अमेरिकेतले पालक हजारो डॉलर खर्च करतात, पण कॉलेजची स्कॉलरशिप किती जणींना मिळते?

अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की अनेक कुटुंबांचे शनिवार-रविवार सॉफ्टबॉलच्या मैदानावर जातात. डिकीत बॅट, आइसबॉक्स, फोल्डिंगच्या खुर्च्या; मुलगी १२ वर्षांची आणि मॅच चार तासांवरच्या गावात. याला म्हणतात 'ट्रॅव्हल बॉल'. शाळेच्या टीमशी याचा संबंध नसतो. खासगी क्लब ट्रायआउट घेऊन मुली निवडतात. १२-यू, १४-यू, १६-यू असे वयोगट असतात. यातला 'यू' म्हणजे अंडर. फी, कोचिंग, हॉटेल, पेट्रोल सगळं पालकांच्या खिशातून. वर्षाचा हिशोब सहज काही हजार डॉलरवर जातो.

महाराष्ट्रातही शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल खेळला जातो, पण तिथे पालकांचं लक्ष असतं ते दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांकडे. अमेरिकेत लक्ष्य असतं कॉलेजची स्कॉलरशिप.

मग शाळेच्या टीमकडून खेळून का भागत नाही? कारण बहुतेक राज्यांत शाळेचा आणि कॉलेजचा सीझन एकाच वेळी, वसंत ऋतूत येतो. तेव्हा कॉलेजचे कोच स्वतःच्या टीममध्ये अडकलेले असतात. उन्हाळ्यातल्या मोठ्या ट्रॅव्हल स्पर्धांत त्यांना एकाच ठिकाणी शेकडो मुली बघता येतात.

कोच कधी बोलू शकतात?

कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने २०१८ मध्ये नियम कडक केला. त्याआधी आठवीतल्या मुलींनाही तोंडी ऑफर मिळत होत्या. आता डिव्हिजन वनचे, म्हणजे सर्वांत वरच्या गटातले, कोच अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपूर्वी मुलीशी किंवा तिच्या पालकांशी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत. मुलीने ईमेल पाठवला तरी उत्तर येणार नाही. त्यामुळे नववी-दहावीतली शांतता म्हणजे नकार नव्हे.

उलट गफलत होते ती कॅम्पच्या निमंत्रणांनी. 'आमच्या कॅम्पला ये' असा ईमेल कॉलेजकडून आला की घरात पेढे वाटायची तयारी सुरू होते. प्रत्यक्षात अशी निमंत्रणं ढीगभर मुलींना जातात आणि कॅम्पची फी भरावी लागते. कोचने १ सप्टेंबरनंतर स्वतःहून फोन केला, तर तो खरा रस.

पैशांचं गणित

२०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या एका टीमला जास्तीत जास्त १२ पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम देता यायची. टीममध्ये मुली वीसच्या आसपास, त्यामुळे तिचे तुकडे व्हायचे. कुणाला निम्मी, कुणाला पाव, कुणाला फक्त पुस्तकांचा खर्च. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या एका तडजोडीनंतर हे बदललं. ही व्यवस्था स्वीकारणाऱ्या कॉलेजांना आता कितीही स्कॉलरशिप देता येतात, पण टीममध्ये २५ पेक्षा जास्त खेळाडू नकोत.

ऐकायला छान. पण त्या जागांसाठी आता स्पर्धा फक्त शाळकरी मुलींमध्ये नाही. 'ट्रान्सफर पोर्टल'मुळे कॉलेज खेळाडूंना कॉलेज बदलणं सोपं झालंय. पिचर निजारी कॅनडी २०२४ मध्ये स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेली, तेव्हा तिचा जाहिरात-करार १० लाख डॉलरच्या वर होता. कोचला तयार, २१ वर्षांची पिचर मिळत असेल, तर १७ वर्षांच्या मुलीला थांबावं लागतं. तसंही हायस्कूलमध्ये सॉफ्टबॉल खेळणाऱ्या शंभरातल्या साधारण पाच-सहा मुलीच एनसीएएच्या कुठल्यातरी गटात पोचतात. डिव्हिजन वनमध्ये दोनसुद्धा नाहीत.

म्हणूनच डिव्हिजन थ्रीकडे नाक मुरडणं महागात पडू शकतं. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नाही, पण गुणांवर आणि कुटुंबाच्या उत्पन्नावर मदत मिळते आणि ती कधी कधी डिव्हिजन वनच्या पाव स्कॉलरशिपपेक्षा मोठी असते. डिव्हिजन वनसाठीही शाळेतले १६ मुख्य विषयांचे कोर्स आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो.

ऑफर आली तरी तोंडी होकार दोन्ही बाजूंना बांधील नसतो. सही करण्याआधी रक्कम किती, किती वर्षांसाठी, आणि खांदा दुखावला तर ती चालू राहणार का, हे लेखी मागावं लागतं.