घोंगडी

मेंढीच्या लोकरीचे, हातमागावर विणलेले जाड वस्त्र. पांघरायला, अंथरायला, पावसात खोळ म्हणून आणि पूजा-पारायणात आसन म्हणून वापरतात. रंग बहुधा काळा, करडा किंवा तपकिरी, आणि तो मेंढीचाच असतो. निर्मिती मुख्यतः सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यात. सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत, म्हसवड ही गावे त्यासाठी ओळखीची आहेत. रायगड किनाऱ्याला घोंगडी मिळाली ती घाटावरून.

विणकर : बाजारात ‘धनगरी घोंगडी’ असेच नाव चालते, विणणारा मात्र बहुतेक ठिकाणी सणगर. मेंढ्या धनगराच्या, माग सणगराचा, अशी ही जुनी वाटणी आहे. खुटेकर धनगरही विणकाम करीत. एन्थोवेनच्या मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरील ग्रंथात (३ खंड, १९२०–२२) धनगर व सणगर यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. खुटेकर आणि सणगर यांचे मूळ नाते काय, याबद्दल एकमत नाही. प्रदर्शनांतील पाट्यांवर सणगराचे नाव क्वचित दिसते. घोंगडीवर लिहिणाऱ्यांनी मेंढपाळाच्या भटकंतीला जेवढी जागा दिली, त्याच्या निम्मीही मागाला दिलेली नाही.

लोकर व सूत : दख्खनी मेंढीची लोकर आखूड, भरड आणि थोडी. एका जनावरापासून वर्षाकाठी अर्धा ते पाऊण किलो मिळते, तीही बहुधा दोन कातरण्यांची मिळून. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ, म्हणून जावळाच्या घोंगडीला भाव जास्त. लोकर निवडून पिंजतात व चरख्यावर कातताना तिला भरपूर पीळ देतात. कातण्याचे काम प्रामुख्याने बायकांचे. मेंढ्यांमागे चालता चालता चातीवर सूत काढणारे धनगर पुरुषही असत.

खळ : घोंगडीचा टिकाऊपणा खरा ठरतो तो इथे. भरड लोकरीचे ताण्याचे सूत मागावर घासून पिंजारते व तुटते, म्हणून त्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून टरफले काढायची, गर भिजवून वाटायचा, पाणी घालून शिजवायचा. ताणा गल्लीत काठ्यांवर ताणून धरतात आणि खळ कुंच्याने एकाच दिशेने, तंतू बसवीत, ओढून लावतात. एक जण कुंचा चालवतो, दुसरा चिकटलेले धागे बोटांनी सोडवत मागोमाग जातो. खळ कमी पडली तर ताणा तुटतो, जास्त झाली तर कडक होऊन मोडतो. प्रमाण हाताला कळते, मापाने सांगता येत नाही. खळ उन्हात वाळावी लागत असल्याने पावसाळ्यात हे काम अडते. नव्या घोंगडीचा ताठपणा आणि आंबूस वास याच खळीचा. वापरात घोंगडी मऊ पडते.

माग : खड्ड्याचा. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पावड्या दाबत हाताने धोटा फेकतो. माग अरुंद असेल तर दोन पट्ट्या विणून मधोमध शिवतात. काठाला कधी पांढऱ्या लोकरीच्या रेघा असतात.

आसन : लोकर सोवळ्यात चालते, धाबळीला (सोवळ्यातील लोकरी वस्त्राला) जो मान आहे त्याचे कारणही हेच. गुरुचरित्र, नवनाथ भक्तिसार यांच्या पारायणाला घोंगडीवर बसण्याची चाल आहे. ‘घोंगडी बैठक’ राजकारणातही रुळली आहे, मग प्रत्यक्षात खाली सतरंजी का असेना.

रायगड किनारा : अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, असल्या ओलीत मेंढी टिकत नाही. येथल्या डोंगरांतील गवळी धनगर म्हशी-गाई पाळतात. त्यांच्यावर माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांचा १९८२ मधील अभ्यास आहे. पावसाळा सरल्यावर मात्र देशावरचे मेंढपाळ घाट उतरून कोकणात येतात, भाताच्या रिकाम्या खाचरांत खतासाठी मेंढ्या बसवतात आणि मोबदल्यात भात वा पैसे घेतात. येथले शेतकरी लावणीच्या दिवसांत डोक्यावर इरले नाहीतर घोंगडीची खोळ घेत. लोकरीतल्या मेणचट अंशामुळे पाणी चटकन मुरत नाही, पण एकदा मुरले की घोंगडी जड होते आणि वाळता वाळत नाही. कोकणी मुसलमानांतील नमाजाच्या आसनाबद्दल पाहा : जानमाज.

तुलना : पशुपालकांच्या लोकरी आसनांत जगभर ज्यांचे नाव झाले त्यांत बलुची नमाजगालिचे येतात. हे गालिचे बलुचिस्तानपेक्षा इराणातील खुरासान व सीस्तान आणि पश्चिम अफगाणिस्तान येथे अधिक विणले गेले. जमिनीवर आडव्या ठोकलेल्या मागावर गाठी मारून बायका ते विणत. उंटाच्या रंगाच्या जमिनीवर वृक्ष, वर मिहराबाची (मशिदीतील कोनाड्याची) चौकोनी कमान, कमानीच्या दोन्ही बाजूंना हात टेकण्याच्या जागी चौकटी, कडांना बकरीचे केस ही त्यांची ओळखीची ठेवण. घोंगडीत ना गाठ, ना कमान, ना दिशा. काठाच्या रेघांपलीकडे नक्षी नसल्याने संग्राहकांचे तिच्याकडे लक्ष गेले नाही. बलुची गालिच्यात बहुधा एकाच डेऱ्यातली बाई सूतही काढते आणि विणतेही, त्यामुळे श्रेय कोणाचे हा वाद तिथे तसा उद्भवत नाही.

जुनी घोंगडी : क्वचितच उरते. कसर लागते, शिवाय विरली की ती बैलाच्या पाठीवर किंवा गोठ्यात जाते. हातसुताची घोंगडी धाग्याच्या कमीजास्त जाडीवरून आणि उजेडाकडे धरल्यावर दिसणाऱ्या विरळ-दाट पट्ट्यांवरून ओळखता येते. पानिपतच्या, चिंध्यांपासून काढलेल्या सुताच्या ब्लँकेटांनी स्वस्त पांघरुणाचा बाजार घेतला. दख्खनी लोकरीला भाव नसल्याने अनेक मेंढपाळ कातरलेली लोकर टाकून देतात. लोकरखरेदीचे घोंगडे भिजत पडले आहे ते पडलेच.