फेस वाफेचा की हवेचा?

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतात आणि धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला हाती येतो. कॅपुचिनो या इटालियन कॉफीवरही असाच पांढरा फेस असतो. पण कॅपुचिनोच्या दुधात वाफ सोडलेली असते, कट्ट्यावरच्या दुधात नाही. मग फेस येतो कशामुळे? याचे उत्तर देण्यापूर्वी एस्प्रेसो यंत्राचा इतिहास थोडक्यात पाहू.

इटलीतील तुरिन येथे आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेच्या मदतीने झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एकेका कपापुरती कॉफी काढणारे यंत्र आणले. वाफेच्या दाबाने गरम पाणी कॉफीच्या पुडीतून ढकलायचे, हे त्यातले तत्त्व. १९३३ मध्ये इटलीतच तयार झालेल्या 'मोका' या भांड्याने ते घरच्या शेगडीवर आणले. पण एक पेच होता. वाफेचा दाब वाढवला की तापमानही वाढते आणि कॉफी करपट लागते. आकिले गाज्जिया यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तरफ आणि स्प्रिंग वापरून हा पेच सोडवला. दाब वातावरणाच्या आठ-नऊ पट झाला आणि वाफेकडे मुख्यतः दूध तापवण्याचे काम उरले.

आपल्याकडे लग्नकार्यांत 'एस्प्रेसो' म्हणून जी कॉफी मिळे, तीत दाबाने काढलेला अर्क नसे. दूध, साखर आणि झटपट कॉफीच्या मिश्रणात नळीने वाफ सोडलेली असे, एवढेच.

वाफ दूध इतक्या लवकर कशी तापवते? १ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी अप्रकट उष्णता बाहेर पडते. १५० ग्रॅम दूध ५ अंशांवरून ६५ अंश सेल्सिअसवर नेण्यास सुमारे १५ ग्रॅम वाफ पुरते. ही वाफ दुधात विरून पाणी होते, म्हणजे तिचा फेस होऊच शकत नाही. नळीचे टोक पृष्ठभागालगत असताना वाफेचा झोत बाहेरची हवा दुधात ओढतो आणि दुधातील प्रथिने त्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. कट्ट्यावर हेच काम दुधाची जोरदार धार करते. फेस दोन्हीकडे हवेचाच.

म्हणूनच घरी यंत्राची गरज नाही. दूध ६०-६५ अंशांपर्यंत तापवून रवीने घुसळले, तरी फेस येतो.

मात्र फेसावरून दुधाचा कस किंवा शुद्धता ठरवू नये. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस यांचे जंतू पसरू शकतात. पाश्चरीकरणाला ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद लागतात. वाफेची नळी दूध अर्धा-एक मिनिटच तापवते, तेवढ्याने हे साधत नाही. तेव्हा कॉफीसाठी दूध आधी उकळलेले किंवा पाश्चरीकृत असावे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या 'गोकुळ' दूध संघाचे पिशवीतले दूध पाश्चरीकृतच असते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. एकाच दुधाचे दोन भाग करावेत, एक नुसता तापवावा, दुसरा तितकाच तापवून घुसळावा. फेस कशाने येतो, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.