बागेची पाटी

आज आम्ही मारामारीच्या एका सिनेमाबद्दल बोलणार आहोत. हसू नका, आधी ऐका.

ब्रूस लीचा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ १९७२ साली हाँगकाँगमध्ये निघाला. गोष्ट शांघाय शहरातली. हुओ युआनजिया हे कुंगफूचे गुरू खरेच होऊन गेले. १९१० साली तिथे त्यांची तालीम सुरू झाली आणि त्याच वर्षी ते वारले. सिनेमात जपानी लोक त्यांच्यावर विषप्रयोग करवतात आणि चेन झेन हा शिष्य सूड घ्यायला निघतो. शिष्य कल्पनेतला आहे, त्याचा राग मात्र खरा.

अफूच्या पहिल्या युद्धात चीन हरला आणि १८४२ च्या तहाने शांघाय बंदर परदेशी व्यापाराला उघडावं लागलं. चीनला जाणारी पुष्कळशी अफू आपल्या माळव्यात पिकून मुंबई बंदरातून जायची, हेही सांगायलाच हवं. पुढे गोऱ्यांनी तिथे वस्ती केली आणि १८६८ साली नदीकाठी बाग केली.

सिनेमात चेन झेन या बागेच्या दाराशी येतो. पाटीवर लिहिलंय, कुत्र्यांना आणि चिनी माणसांना मनाई. अडवणारा पहारेकरी कोण, तर फेटेवाला हिंदुस्थानी! चेन उडी मारून लाथेने ती पाटी फोडतो.

खरी पाटी थोडी वेगळी होती. १९१७ च्या नियमांत एका कलमात बाग परदेशी लोकांसाठी राखीव, दुसऱ्या कलमात कुत्री आणि सायकली बंद. एका ओळीत नव्हतं, एवढंच. आम्हाला डाचतं ते आणखी एक कलम. गोऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या आयांना आत जाता येई, पण बँड वाजत असताना त्यांनी बाकाखुर्चीवर बसायचं नाही. दिवसभर मूल वागवणाऱ्या बाईने बसायचंही नाही! तिच्यासाठी लाथ मारणारा सिनेमात कुणी नाही.

शेवटी चेन झेन पोलिसांच्या बंदुकांवर झेप घेतो, चित्र तिथंच थबकतं आणि गोळ्यांचा आवाज येतो. बाग उघडायला मात्र फार वर्षं लागली. चिनी रहिवाशांनी १८८० च्या दशकातच नगरपालिकेकडे अर्ज केले होते. १९२५ साली पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा शहरभर संप झाले. १९२८ च्या जूनमध्ये त्या बागेचं फाटक चिनी माणसांना उघडलं.